एक बळी आणि ४१९ चेंडू

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

आमच्या आळीच्या क्रिकेट संघात माझे काम ठरलेले आहे. फलंदाजीला माझा नंबर सहसा लागत नाही. गोलंदाजीत कधी दोन षटके मिळतात, कधी तीही मिळत नाहीत. पण सामन्याचा हिशेब मात्र नेहमी मीच लिहितो. "हा कॉलेजात जातो, वही ह्याच्याकडे द्या," असे पहिल्याच दिवशी कोणीतरी म्हणाले, आणि वही माझ्याकडे आली ती आलीच. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे आमच्याकडे लिहिण्यावाचण्याचे जे जे काम निघते, ते ते माझ्या वाट्याला येते. क्रिकेटची वही त्यातलीच एक.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी डोंबिवलीला मावशीकडे गेलो होतो. पनवेलहून निघून दिव्याला गाडी बदलली की डोंबिवली फार लांब नाही. संध्याकाळी तिच्या इमारतीखाली मंडळी क्रिकेटच्या गप्पा मारीत बसली होती. एक काका अभिमानाने म्हणाले, "आमच्या डोंबिवलीच्या नीलेश कुलकर्णीने कसोटीत पहिल्याच चेंडूवर विकेट काढली होती, माहीत आहे का?" त्यावर दुसरे काका हसून म्हणाले, "हो, आणि पुढे काय? एक विकेट काढली आणि संपला!"

सगळे हसले. मीही हसलो. पण परतीच्या गाडीत तो 'संपला' हा शब्द डोक्यातून जाईना. हिशेब लिहिणाऱ्या माणसाला खोड असते. कोणी आकड्यावरून निकाल दिला की तो आकडा एकदा स्वतः तपासून पाहावा असे त्याला वाटते. घरी आल्यावर मी नीलेश कुलकर्णीच्या कसोटी सामन्यांचे धावफलक काढले, एका वहीत उतरवून घेतले आणि त्यांचा अभ्यास केला. प्रस्तुत लेख म्हणजे त्या अभ्यासाचे फळ होय. (नीलेश कुलकर्णी वयाने मला वडिलांच्या जागी आहेत, पण मैदानावरच्या खेळाडूविषयी आपण मायेने एकेरीतच बोलतो, तसेच येथे लिहिले आहे.)

नोंदीची पुस्तके त्याच्याविषयी तीनच आकडे सांगतात. कसोटी सामने ३, बळी २, सरासरी १६६. म्हणजे एका बळीसाठी त्याने सरासरी १६६ धावा दिल्या. आकडा ऐकताच कोणीही कपाळाला हात लावील. आता हा आकडा तयार कसा झाला ते पाहू.

ऑगस्ट १९९७. कोलंबोचे प्रेमदासा मैदान. सचिन तेंडुलकर कर्णधार असलेल्या भारतीय संघाने प्रथम फलंदाजी करून ८ बाद ५३७ वर डाव सोडला होता. सिद्धूच्या १११, तेंडुलकरच्या १४३ आणि अझरुद्दीनच्या १२६ धावा झाल्या होत्या. एवढ्या धावा पाठीशी असल्यावर गोलंदाजांना काय काळजी, असे कोणालाही वाटले असते. श्रीलंकेचा डाव सुरू झाला. धावफलक ३९ वर असताना कर्णधाराने चेंडू एका उंच, डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाच्या हाती दिला. त्याचा हा पहिलाच कसोटी सामना, पहिलेच षटक, पहिलाच चेंडू. समोर मारवन अटापट्टू. चेंडू बॅटची कड घेऊन यष्टिरक्षक नयन मोंगियाच्या हातात विसावला. अटापट्टू बाद, २६. कसोटीतल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर बळी मिळवणारा नीलेश कुलकर्णी हा पहिला भारतीय ठरला.

त्या क्षणी त्याच्या मनात काय आले असेल? डोंबिवलीत जन्मलेला मुलगा, मुंबईच्या संघातून वर आलेला, आणि कसोटी क्रिकेटने त्याचे असे स्वागत केलेले. मला तर वाटते, सगळे सोपे आहे असेच त्याला घटकाभर वाटले असेल.

अटापट्टूच्या जागी रोशन महानामा आला. सनथ जयसूर्या खेळत होताच. मग ह्या दोघांनी जे केले ते कसोटी क्रिकेटच्या इतिहासात तोपर्यंत कोणी केले नव्हते. तिसरा दिवस उजाडला आणि मावळला, बळी नाही. चौथा दिवस उजाडला आणि मावळला, बळी नाही. पुढचा बळी पडला तो पाचव्या दिवशी, धावसंख्या ६१५ झाल्यावर. दोघांनी ५७६ धावांची भागी केली. महानामाच्या २२५ आणि जयसूर्याच्या ३४० धावा झाल्या. त्यानंतर अरविंद डिसिल्वाने शतक काढले. अखेर श्रीलंकेने ६ बाद ९५२ वर डाव सोडला. इंग्लंडने १९३८ साली ओव्हलवर केलेल्या ७ बाद ९०३ धावांचा उच्चांक त्या दिवशी मोडला. कसोटीतल्या एका डावातली ही सर्वांत मोठी धावसंख्या होय.

नीलेश कुलकर्णीने त्या डावात ७० षटके टाकली. म्हणजे ४२० चेंडू. पहिल्या चेंडूवर बळी, आणि पुढच्या ४१९ चेंडूंत एकही नाही. पृथक्करण असे : ७० षटके, १२ निर्धाव, १९५ धावा, १ बळी.

आता वही उघडून बसू. त्या डावात भारताच्या इतर गोलंदाजांचे काय झाले? राजेश चौहानने ७८ षटकांत २७६ धावा दिल्या, बळी १. अनिल कुंबळेने ७२ षटकांत २२३ धावा दिल्या, बळी १. वेंकटेश प्रसादने २४ षटकांत ८८ आणि अॅबी कुरुविल्लाने १४ षटकांत ७४ धावा दिल्या, दोघांनाही बळी नाही. आता प्रत्येकाच्या धावांना षटकांनी भागून पाहा. चौहानने षटकामागे साडेतीनहून थोड्या अधिक धावा दिल्या, कुंबळेने तीनहून थोड्या अधिक, प्रसादने साडेतीनहून अधिक, कुरुविल्लाने पाचहून अधिक. कुलकर्णीने मात्र तीनहून कमी, २.७९. ह्या पाच प्रमुख गोलंदाजांत सर्वांत काटकसरीची गोलंदाजी त्या नवख्या मुलाची होती. निर्धाव षटकेही सर्वांत जास्त त्याचीच. समोरचे दोघे दोन दिवस बाद होत नाहीत आणि उन्हात चेंडू हातात घेऊन पुन्हा पुन्हा धावत यायचे आहे, अशा वेळी ज्याचा टप्पा सर्वांत कमी ढळला तो हा पदार्पण करणारा गोलंदाज होता. "एक विकेट काढली आणि संपला" ह्या वाक्यात ही गोष्ट कोठेच बसत नाही.

पण एका सामन्यावर थांबता येणार नाही. पुढचे दोन सामने पाहिले पाहिजेत.

त्याचा शेवटचा कसोटी सामना मार्च २००१ मध्ये चेन्नईला झाला. ऑस्ट्रेलियाविरुद्धची ती गाजलेली मालिका. कोलकात्याला लक्ष्मण आणि द्रविड यांनी हरलेला सामना जिंकून दिला होता आणि आता बरोबरी १-१ अशी होती. चेन्नईच्या पहिल्या डावात कुलकर्णीने २३ षटकांत ६७ धावा दिल्या, बळी नाही. दुसऱ्या डावात ३० षटकांत ७० धावा देऊन १ बळी घेतला. तो बळी मॅथ्यू हेडनचा. ह्याच हेडनने पहिल्या डावात २०३ धावा कुटल्या होत्या. दुसऱ्या डावातही सलामीची जोडी जमलेली असताना कुलकर्णीने त्याला ३५ वर बाद केले. भारताने तो सामना २ गड्यांनी आणि मालिका २-१ अशी जिंकली.

आता बेरीज करू. कोलंबोच्या १९५, चेन्नईच्या ६७ आणि ७०. एकूण ३३२. कारकीर्दीत त्याने दिलेल्या धावाही ३३२ च. षटकांची बेरीज ७०, २३ आणि ३०, म्हणजे १२३. कारकीर्दीतील चेंडू ७३८, म्हणजे बरोबर १२३ षटके. ह्याचा अर्थ असा की मधल्या कसोटीत त्याला एकही चेंडू टाकायला मिळाला नाही. नोंदीत सामने ३ आहेत. गोलंदाजीच्या दृष्टीने ते दोनच होते, आणि डाव तीन. त्या तीन डावांतला एक डाव म्हणजे कसोटी क्रिकेटच्या इतिहासातला धावांचा सर्वांत मोठा पूर!

पहिल्या वर्षी अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी सरासरी शिकवली, तेव्हा एक उदाहरण दिले होते. गावात दहा घरे, नऊ घरांत दरिद्र्य आणि दहाव्या घरात सावकार. सरासरी काढली तर सगळा गाव सुखवस्तू दिसतो. तेव्हा ते उदाहरण परीक्षेपुरते पाठ केले होते. आज त्याचा अर्थ कळतो. कुलकर्णीच्या कारकीर्दीतील निम्म्याहून अधिक षटके आणि निम्म्याहून अधिक धावा त्या एका कोलंबोच्या डावातल्या आहेत. आता कुंबळेकडे पाहा. त्याच डावात, त्याच खेळपट्टीवर त्याने कुलकर्णीपेक्षा २८ धावा जास्त दिल्या आणि बळी तेवढाच, एक. पण कुंबळे १३२ कसोटी खेळला. त्याने ६१९ बळी घेतले. त्याने कारकीर्दीत दिलेल्या एकूण धावांत त्या २२३ धावा शेकडा सव्वाही भरत नाहीत. तोच डाव एकाच्या समुद्रात मिसळून गेला आणि दुसऱ्याच्या घागरीत मात्र सगळे पाणी खारट करून गेला.

कुलकर्णीला आणखी एक बळी मिळाला असता तर १६६ ची सरासरी ११० च्या घरात आली असती. आणखी दोन मिळाले असते तर ती ८३ झाली असती. दोन चेंडू बॅटच्या कडेला लागण्यावर जी सरासरी निम्मी होते, तिच्यावर माणसाचा किती न्याय करायचा?

ह्याच मुद्द्याची दुसरी बाजू दाखवण्यासाठी आता कोल्हापूरला जाऊ. सदाशिव पाटील हे महाराष्ट्राचे मध्यमगती गोलंदाज. १९५२ पासून १९६४ पर्यंत ते महाराष्ट्राकडून खेळले आणि संघाचे कर्णधारही झाले. डिसेंबर १९५५ मध्ये मुंबईच्या ब्रेबर्न मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध ते आपला पहिला आणि अखेरचा कसोटी सामना खेळले. विनू मंकड यांनी त्या सामन्यात २२३ धावा केल्या. भारताने ८ बाद ४२१ वर डाव सोडला आणि न्यूझीलंडला २५८ व १३६ धावांत गुंडाळून एक डाव २७ धावांनी विजय मिळवला. पाटील यांनी दोन्ही डावांत प्रत्येकी १ बळी घेतला. भारत जिंकला, पाटलांनी आपले काम चोख केले, आणि पुन्हा त्यांना भारताकडून बोलावणे आले नाही. पुढे इंग्लंडच्या लँकेशायर लीगमध्ये १९५९ आणि १९६१ ह्या दोन हंगामांत ५२ सामन्यांत १११ बळी घेऊन त्यांनी तिकडचे लोक खूश केले. सप्टेंबर २०२० मध्ये कोल्हापुरात त्यांचे निधन झाले.

आता पाटील यांची कसोटीतील सरासरी काढा. ५१ धावांत २ बळी, म्हणजे २५.५०. कुंबळेची सरासरी २९.६५ आहे. निव्वळ सरासरी पाहिली तर सदाशिव पाटील हे अनिल कुंबळेपेक्षा सरस गोलंदाज ठरतात! असे कोणी म्हणेल काय? कोणीही म्हणणार नाही. "अहो, दोनच बळी आहेत, त्यावरून काय ठरवणार?" असे आपण लगेच म्हणू. मग माझा प्रश्न एवढाच आहे. दोन बळींवरून पाटलांना थोर म्हणता येत नसेल, तर दोनच बळींवरून कुलकर्णीला टाकाऊ तरी कसे म्हणता येईल? तराजू एकच हवा. थोरपणासाठी पुरावा अपुरा आणि नालायकीसाठी तोच पुरावा भरपूर, असा न्याय आपण नेहमी करतो आणि तो आपल्या ध्यानातही येत नाही.

येथे एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे, म्हणून टाळत नाही. चेन्नईच्या त्याच खेळपट्टीवर, त्याच फलंदाजांसमोर हरभजनसिंगने २१७ धावांत १५ बळी घेतले. चेंडू तोच, वारा तोच. तेथे कुलकर्णीला ५३ षटकांत एकच बळी मिळाला. हे कबूल केलेच पाहिजे. कसोटीच्या पातळीवर तो धावा रोखू शकला, पण बळी घेऊ शकला नाही, हे वहीत लिहिलेले आहे आणि ते खोडता येत नाही. तेव्हा त्याच्यावर फार मोठा अन्याय झाला असे म्हणणे मला पटत नाही. त्याच्या काळात वेंकटपती राजू, सुनील जोशी, मुरली कार्तिक असे डावखुरे फिरकी गोलंदाज देशात होते, आणि संघात कुंबळे व हरभजन यांच्या जागा पक्क्या होत चालल्या होत्या. संघ अकरा जणांचा असतो. निवडीचे काम करणाऱ्यांना कोणाला तरी बाहेर ठेवावेच लागते.

बाहेर ठेवणे म्हणजे काय हे समजून घ्यायचे तर पद्माकर शिवलकर यांच्याकडे पाहावे. मुंबईचेच डावखुरे फिरकी गोलंदाज. प्रथम श्रेणीच्या १२४ सामन्यांत ५८९ बळी, सरासरी १९.६९. १९७२-७३ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात चेन्नईच्या चेपॉक मैदानावर त्यांनी तमिळनाडूचे १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी घेतले होते. पण त्यांच्या काळात बिशनसिंग बेदी होते. बेदी ६७ कसोटी खेळले, शिवलकर एकही खेळले नाहीत. २०१७ साली त्यांना क्रिकेट नियामक मंडळाचा कर्नल सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार मिळाला, त्यांच्याच जोडीने हरयाणाच्या राजिंदर गोयल यांनाही. गोयल यांनीही एकही कसोटी खेळलेली नव्हती. मार्च २०२५ मध्ये शिवलकर गेले. कुलकर्णीची कसोटी सरासरी १६६, पाटलांची २५.५०, आणि शिवलकरांना कसोटी सरासरीच नाही. तिघांमध्ये क्रम लावायला कसोटीचे आकडे काडीइतके उपयोगी नाहीत हे येथे स्पष्ट होते.

पहिल्या चेंडूचे नशीब पुढे कसे वळेल हेही कोणी सांगू शकत नाही. इंग्लंडचा डावखुरा फिरकी गोलंदाज रिचर्ड इलिंगवर्थ याने १९९१ साली वेस्ट इंडीजच्या फिल सिमन्सला आपल्या पहिल्याच चेंडूवर बाद केले. तो ९ कसोटी खेळला, १९ बळी घेतले आणि नंतर पंच म्हणून नावाजला. ऑस्ट्रेलियाच्या नेथन लायनने २०११ साली गॉल येथे कुमार संगकाराला पहिल्याच चेंडूवर बाद केले, आणि २०२३ मध्ये त्याने ५०० वा बळी घेतला. तिघांचाही पहिला चेंडू सारखाच भाग्याचा. पहिल्या चेंडूने कोणालाच पुढचा शब्द दिलेला नव्हता.

सगळ्या खेळांत अशी माणसे असतात. अमेरिकेत बेसबॉल हा खेळ लोकप्रिय आहे. तेथे लहान संघांत वर्षानुवर्षे खेळणाऱ्या खेळाडूला मोठ्या लीगमध्ये चार दिवस संधी मिळाली आणि तो परत गेला, तर "त्याने तेथे कपभर कॉफी घेतली" असे म्हणतात. आर्चिबाल्ड ग्रॅहम नावाचा एक खेळाडू २९ जून १९०५ रोजी न्यूयॉर्कच्या संघाकडून मोठ्या लीगमध्ये उतरला. थोडा वेळ क्षेत्ररक्षण केले, फलंदाजीची पाळी आलीच नाही, आणि पुन्हा कधी त्या लीगमध्ये त्याला खेळता आले नाही. पुढे तो डॉक्टर झाला आणि मिनेसोटा राज्यातल्या चिझम ह्या छोट्या खाणगावात त्याने आयुष्यभर रुग्णसेवा केली. बेसबॉलच्या नोंदीत त्याचा एकच सामना आहे. चिझमच्या माणसांकडे त्याची नोंद निराळी होती.

आपल्या नीलेश कुलकर्णीचेही तसेच आहे. तो मुंबईसाठी खेळत राहिला आणि प्रथम श्रेणीत त्याने साडेतीनशेहून अधिक बळी घेतले. २०१० मध्ये त्याने मुंबईत क्रीडा व्यवस्थापन शिकवणारी संस्था काढली. मैदानावर न उतरताही खेळात काम करता येते, हे तेथे मुले शिकतात. डोंबिवलीच्या काकांच्या वाक्यात तो २००१ साली संपला होता!

मित्रहो, ह्या लेखाचे कारण केवळ क्रिकेट नाही, हे आता सांगून टाकतो. पहिल्या वर्षाच्या पहिल्या सत्रात मी इंग्रजीत नापास झालो. शाळेत मराठी माध्यम, घरी अभ्यास सांगणारे कोणी नाही. पेपर हातात पडला तेव्हा अर्धे प्रश्न कळले नाहीत. आळीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. "कॉलेज म्हणजे काय खायचे काम आहे? ह्यांच्या घरात कोणी शिकले आहे का?" असे बोलणे कानावर आले. एका पेपरावरून निकाल लागला होता, आणि तो माझ्या एकट्याचा नसून आमच्या सगळ्या घराचा लागला होता. मलाही काही दिवस तो खराच वाटला. कळंबोलीच्या लोखंड बाजारात वडिलांबरोबर कामाला जावे असे मनात आले.

वडील तेथे माल चढवण्या-उतरवण्याचे काम करतात. त्यांना वाचता येत नाही. मी हे सगळे सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, "येकंदर पेपर किती हुते?" मी सांगितले, सहा. ते म्हणाले, "येक सळई वाकडी निघाली म्हून आख्खं बंडल कुनी परत धाडत न्हाई. पर वाकडीला सरळ बी म्हनायचं न्हाई. ती येगळी काढायची आन् ठोकून घ्यायची."

दुसऱ्या सत्रात मी इंग्रजीचा पेपर पुन्हा दिला आणि काठावर का होईना, सुटलो. गुण सांगण्यासारखे नाहीत, म्हणून सांगत नाही. पण कुलकर्णीचे धावफलक उतरवून घेताना वडिलांचे ते बोलणे मला सारखे आठवत होते. कोलंबोची १९५ धावांची नोंद वाकडी सळई आहे. तिला सरळ म्हणू नये. चेन्नईत हरभजनला जमले ते कुलकर्णीला जमले नाही, हेही लिहून ठेवावे. मात्र एका सळईवरून बंडलाचा भाव करू नये. आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखे, घरातून पहिल्यांदाच आलेले अनेक जण आहेत. त्यांच्या कारकीर्दीतले सामने अजून दोन-तीनच झाले आहेत. पहिल्या चेंडूवर बळी मिळालेल्यांनी फार हुरळू नये आणि १९५ धावा निघालेल्यांनी चेंडू खाली ठेवू नये, एवढेच मला त्यांना सांगावेसे वाटते.

परवा आमच्या आळीचा सामना होता. मी तीन षटके टाकली, २९ धावा दिल्या, बळी नाही. सामना संपल्यावर वहीत माझ्या नावापुढे मीच ते आकडे लिहिले. नेहमीप्रमाणे एकदा तपासले. बरोबर होते. मग वही मिटली आणि पुढच्या रविवारी कोणाशी सामना आहे ते विचारायला गेलो.